नाचणीचे सत्त्व घरी काढताना: गाळणपिशवी आणि बर्फाचे पाणी

नाचणीचे सत्त्व म्हणजे नाचणीचे पीठ नव्हे. भिजवलेले दाणे पाण्यात वाटून, त्यांचा चीक कापडातून गाळून आणि तो तळाशी बसल्यावर वाळवून जी फिकट भुकटी उरते, तिला सत्त्व म्हणतात. पूर्वी यासाठी जुन्या धोतराचे मऊ फडके वापरीत. आता बदामाचे दूध गाळण्यासाठी नायलॉनच्या जाळीदार पिशव्या मिळतात. त्या धुवायला सोप्या असतात आणि पिळताना धागे सोडत नाहीत.

पिशव्या दोन घ्याव्यात, एक साधारण २०० मायक्रॉनच्या छिद्रांची आणि दुसरी, बारीक, ८० मायक्रॉनच्या आसपासची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नाचणीतील पिष्टाचे (स्टार्चचे) कण फार तर वीसेक मायक्रॉनचे असल्यामुळे ते दोन्ही जाळ्यांतून सहज जातात, टरफल मात्र मागे राहते. वाटण थेट बारीक पिशवीत ओतण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास जाळी टरफलाने चोंदते आणि पिळून पिळून हात दुखले तरी चीक उतरत नाही.

अर्धा किलो नाचणी रोळून घ्यावी, कारण तिच्यातील बारीक खडे नुसत्या निवडण्याने जात नाहीत. नंतर ती दहा-बारा तास भिजवावी आणि मधे एकदा पाणी बदलावे. मोड आणायचे असल्यास भिजलेली नाचणी फडक्यात बांधून एक दिवस ठेवावी. मोडांमुळे पिष्टाचे काही प्रमाणात विघटन होते, म्हणून अशा सत्त्वाची पेज पातळ होते आणि लहान मुलांना ती गिळायला बरी पडते.

वाटताना बर्फाचे पाणी वापरावे. पिष्ट साठ अंशांच्या पुढे फुगून चिकट होऊ लागते. घरच्या मिक्सरमध्ये सहसा इतकी उष्णता येत नाही, पण कोमट झालेला चीक लवकर आंबतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तर दुपारपर्यंतच त्याला आंबूस वास सुटतो. म्हणून थोडी थोडी नाचणी घेऊन, मिक्सर थांबवत थांबवत वाटावे.

वाटण आधी जाड जाळीच्या पिशवीत ओतून हाताने दाबत पिळावे, चोथा पुन्हा गार पाण्यात कालवून परत वाटावा आणि पिळावा. हे तीनदा करावे. पहिला चीक दाट उतरतो. तिसऱ्या वेळी उतरणारे पाणी जवळजवळ नितळ दिसले, की चोथ्यात फारसे काही उरलेले नाही असे समजावे. मग सगळा चीक एकत्र करून बारीक पिशवीतून गाळावा, मात्र या वेळी पिळण्याचा जोर न लावता पिशवी नुसती हलवत राहावे, कारण जोर लावला की बारीक कोंडा जाळीतून खाली उतरतो आणि सत्त्व करडे होते.

पातेले झाकून सात-आठ तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवावे. वरचे निवळ पाणी हलक्या हाताने ओतून टाकावे. तळाशी दोन थर दिसतात: वरचा तपकिरी, मऊ आणि खालचा पांढुरका, घट्ट. वरचा थर चमच्याने काढून टाकावा. खालच्या थरात चमचा जोरात खुपसला तर तो अडतो आणि हळू सरकवला तर सहज शिरतो. माझ्या मते चीक नीट बसल्याची याहून चांगली खूण नाही.

हा थर ताटात पातळ पसरून, वर मलमल बांधून कडक उन्हात वाळवावा. पावसाळ्यात हा उद्योग न केलेला बरा. खपली बोटांत कुरकुर मोडू लागली की ती मिक्सरमध्ये फिरवून वस्त्रगाळ करावी आणि कोरड्या बरणीत भरावी.

कॅल्शियमसाठी म्हणून सत्त्व करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की नाचणीतील कॅल्शियमचा मोठा वाटा टरफलाजवळ असतो, म्हणजे गाळताना तो बराचसा चोथ्यात जातो. सत्त्व पचायला हलके असते, हाच त्याचा खरा गुण. चोथा फेकू नये. त्यात ज्वारीचे पीठ, कांदा आणि तिखट-मीठ घालून त्याच दिवशी थालीपिठे लावावीत.

पेज करताना एक मोठा चमचा सत्त्व कपभर गार पाण्यात आधी कालवून मगच गॅसवर ठेवावे आणि शिजून चकाकी येईपर्यंत ढवळत राहावे. उकळत्या पाण्यात टाकलेल्या सत्त्वाच्या गुठळ्या नंतर कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत.