सेफ्टीत करिअर करायचंय? मग आधी जुने अपघात वाचा

कारखान्यातल्या सेफ्टीच्या या फील्डमधे येणारी मुलं मला बहुतेक एकच विचारतात, कोर्स कुठला करू आणि सर्टिफिकेट कुठलं घेऊ. कोर्स कराच, कागद असल्याशिवाय इंटरव्ह्यूला कोणी बोलवत नाही. पण त्याच कोर्समधे सुरुवातीला इतिहासाचं एक छोटं चॅप्टर असतं, जे सगळे मार्कांपुरतं पाठ करून सोडून देतात, आणि मी इतकी वर्षं हे काम करतोय तर माझं पक्कं मत झालंय की प्रत्यक्ष कामावर सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतं. कायदे बदलतात, फॉरमॅट बदलतात, पण माणसं जखमी कशी होतात आणि त्यानंतर दोष कोणाच्या माथी मारला जातो ते फारसं बदलत नाही.

माझ्याकडे नवीन कोणी आलं की मी रेल्वेपासून सुरू करतो. १९व्या शतकात अमेरिकेत डबे जोडायचे ते लिंक अँड पिनने. म्हणजे ब्रेकमन, डबे जोडणारा रेल्वे कामगार, दोन डब्यांच्या मधे उभा, एक डबा त्याच्याकडे सरकत येतोय, त्याने लोखंडी कडी हाताने धरून समोरच्या खाचेत घालायची, पिन टाकायची आणि डबे एकमेकांवर आदळायच्या आत हात बाहेर काढायचा. बोटं जायची, हात जायचे, कितीतरी जण मधेच चिरडून गेले. आणि कारण काय द्यायचे तर कामगार बेसावध होता. आता हे बघा, एली जॅनीने आपोआप अडकणाऱ्या कपलरचं पेटंट १८७३ला घेतलं होतं, डबे नुसते एकमेकांना टेकले की जोडले जातात, मधे माणूस लागतच नाही. तरी ते सक्तीचं करणारा कायदा आला १८९३ला! मधली वीस वर्षं उपाय समोर होता आणि माणसं मरतच होती, कारण डबे बदलायला पैसे लागतात आणि ब्रेकमन दुसरा मिळतो. लोरेन्झो कॉफिन नावाचा आयोवाचा एक शेतकरी वर्षानुवर्षं याच्यामागे लागला होता, एअर ब्रेक आणि ऑटोमॅटिक कपलर सगळ्या गाड्यांना लावा म्हणून. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

दुसरं उदाहरण विमानाचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं नीट उतरायची आणि उतरल्यावर पायलट फ्लॅप्सच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) ऐवजी चाकंच आत घ्यायचे, की विमान पोटावर. रिपोर्टमधे पायलटची चूक. आल्फॉन्स चॅपानिस हा मानसशास्त्रज्ञ कॉकपिटमधे जाऊन बघतो तर दोन्हीचे स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने काय केलं, चाकांच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅप्सच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा, म्हणजे न बघता हाताला फरक कळेल. पायलटना वेगळं ट्रेनिंग नाही, भाषण नाही, आणि तो प्रकार थांबला.

ही दोन उदाहरणं डोक्यात असतील ना तर अपघाताच्या रिपोर्टमधे रूट कॉजच्या, म्हणजे मूळ कारणाच्या, रकान्यात "कामगाराचं दुर्लक्ष" लिहिताना तुमचा हात अडखळेल, आणि तो अडखळायलाच पाहिजे. प्रेस मशीनवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची असतात, जेणेकरून डाय, म्हणजे वरचा साचा, खाली येताना हात आत राहू नयेत, आणि ऑडिटला गेलं की कुठेतरी एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं सापडतं. नवीन ऑफिसर लगेच ऑपरेटरला मेमो देतो. अरे पण आधी विचार ना त्याला, टार्गेट किती दिलंय, दोन्ही बटणं वापरून तेवढे पीस निघतात का, सुपरवायझरला हे दिसत नव्हतं का. ऑपरेटर खरं सांगतो, फक्त तुम्ही वही पेन बाजूला ठेवून त्याच्याजवळ उभं राहायला पाहिजे.

अभ्यासाला एक साधन सांगतो. विल्यम हॅडन म्हणून डॉक्टर होते, १९६६ला अमेरिकेत रस्ते सुरक्षेची सरकारी एजन्सी झाली तिचे पहिले प्रमुख. त्यांचं मॅट्रिक्स शिका. अपघाताच्या आधी, होत असताना आणि नंतर, याच्यासमोर माणूस, वाहन किंवा मशीन, आणि आजूबाजूची परिस्थिती, असे नऊ चौकोन काढायचे. तुम्हाला दिसेल की बहुतेक कंपन्यांचे सगळे उपाय "आधी" आणि "माणूस" या एकाच चौकोनात कोंबलेले असतात, पोस्टर, शपथ, ट्रेनिंग. सीटबेल्ट बघा, टक्कर टाळायला त्याचा काहीच उपयोग नाही, पण टक्कर होत असताना माणूस वाचतो. व्होल्व्होच्या निल्स बोलिनने तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट १९५९ला आणला, कंपनीने पेटंट बाकीच्यांना वापरायला मोकळं ठेवलं, आणि तरीही लावण्याची सक्ती पहिल्यांदा झाली ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७०ला.

न्यूयॉर्कची १९११ची ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याची आग पण वाचा, १४६ जण गेले, जिन्याचं एक दार कुलूप लावून बंद होतं. ते वाचल्यावर कुठल्याही इमारतीत गेलात तरी इमर्जन्सी एक्झिट नुसती नकाशावर बघू नका, स्वतः जाऊन ढकलून बघा, आणि रात्रपाळीलाही बघा, कारण दिवसा उघडी असणारी दारं चोरीच्या भीतीने रात्री बंद केलेली असतात.