डीएमआरवर ग्रुप कॉल: पीटीटी दाबण्याआधी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि बाकाच्या कोपऱ्यात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरचा हॉटस्पॉट, म्हणजे हॅम रेडिओचा हँडसेट इंटरनेटला जोडणारी पेटी, दिवसभर चालू असतो. त्यामुळं नवं लायसन्स मिळालेली पोरं हँडसेट घेऊन इथंच येतात. तक्रार ठरलेली: "काका, ४०४ लावलाय, पण कुणी उत्तरच देत नाही." ४०४ म्हणजे डीएमआर या डिजिटल रेडिओ पद्धतीवरचा भारताचा ग्रुप.

डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) हॅम लायसन्स, व्हीयू२ किंवा व्हीयू३ कॉलसाइन आणि सात आकडी डीएमआर आयडी एवढं झालेलं आहे असं धरतो. आयडी नसेल तर लायसन्सची प्रत अपलोड करून आधी तो घ्या. दुसऱ्याचा आयडी टाकून बोलायचं नाही.

आता कोडप्लग, म्हणजे सेटमध्ये भरायची सगळी सेटिंग्ज. इथंच निम्मी पोरं अडकतात. कॉन्टॅक्टमध्ये ४०४ हा आकडा टाकला की खाली 'कॉल टाइप' विचारतो. तिथं ग्रुप कॉल पाहिजे. प्रायव्हेट राहिला तर सेट ४०४ नावाच्या एका माणसाला शोधत बसतो, आणि असा माणूस कुठंच नाही. मग चॅनेल: फ्रिक्वेन्सी, कलर कोड, टाइम स्लॉट (तो काय ते खाली सांगतो) आणि हा कॉन्टॅक्ट. कलर कोड ० ते १५ मधला असतो. रिपीटरचा, म्हणजे आपला आवाज झेलून पुढं पाठवणाऱ्या स्टेशनचा, जो असेल तोच हवा, एकानंही चुकला तर रिपीटर तुमच्याकडं बघतसुद्धा नाही. एका अँटेनाचा सिम्प्लेक्स (एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकणारा-बोलणारा) हॉटस्पॉट असेल तर स्लॉट २ लावा. त्याची फ्रिक्वेन्सी निवडताना ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ टाळा, तिथं सॅटेलाइटवाले असतात. मी ४३४ च्या घरात राहतो.

एवढं करूनही 'मी बोलतो ते जातंय, पण मला ऐकू येत नाही' असं झालं, तर आरएक्स (ऐकायच्या) ग्रुपची लिस्ट उघडा. ज्या ग्रुपचं ऐकायचंय तो त्या लिस्टमध्ये आणि ती लिस्ट त्या चॅनेलला जोडलेली, दोन्ही पाहिजे. बहुतेक वेळा लिस्ट बनवलेली असते, जोडायची राहिलेली असते.

ब्रँडमायस्टर या डीएमआर नेटवर्कवर पहिली चाचणी ९९९० वर करा. हा पॅरट. इथं मात्र प्रायव्हेट कॉल लागतो. चार शब्द बोला, सोडा, तुमचाच आवाज परत येईल. आवाज चिरकला तर पाय-स्टारच्या (हॉटस्पॉट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डॅशबोर्डवर बीईआरचा, म्हणजे चुकलेल्या बिटांच्या टक्केवारीचा, आकडा बघा. तो दोन-तीन टक्क्यांच्या वर असेल तर हॉटस्पॉटचा ऑफसेट (फ्रिक्वेन्सीची बारीक दुरुस्ती) थोडा थोडा सरकवून खाली आणा. हॉटस्पॉट सर्व्हरला लागतच नसेल, तर ब्रँडमायस्टरच्या सेल्फकेअर पानावरचा पासवर्ड आणि पाय-स्टारमधला पासवर्ड जुळतोय का ते तपासा.

आता बोलणं. डीएमआर एकाच १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर दोन स्लॉट आळीपाळीनं चालवतं, प्रत्येकी ३० मिलिसेकंद. म्हणजे एका रिपीटरवर एका वेळी दोनच गप्पा. तुम्ही ग्रुपवर पीटीटी (बोलायचं बटण) दाबलात की तो ग्रुप जिथं जिथं जोडलेला आहे, तिथल्या प्रत्येक रिपीटरचा एक स्लॉट अडतो. ९१ हा जगभराचा ग्रुप. तिथं हाक मारावी, कुणी भेटलं की दुसऱ्या ग्रुपवर निघून जावं. तिथंच तासभर गप्पा हाणणं म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत मधोमध सतरंजी टाकून बसणं. गावातल्या गावात बोलायचं असेल तर लोकल ९ पुरतो, तो रिपीटरच्या बाहेर जातच नाही.

पीटीटी दाबल्यावर सेट 'बीप' देईल तोवर थांबा, नाहीतर कॉलसाइनची पहिली अक्षरं खाल्ली जातात. समोरच्याचं संपलं की दोन सेकंद सोडा, मधे कुणाला यायचं असेल तर येऊ द्या. आमच्याकडची मंडळी दम न घेता बोलतात, त्यांच्यासाठी हे खास.

ग्रुप दोन तऱ्हेचे. स्टॅटिक म्हणजे कायम जोडलेला. डायनॅमिक म्हणजे तुम्ही बटण दाबलंत म्हणून जोडला गेलेला. रिपीटरवर तो थोड्या वेळानं आपोआप सुटतो, पण वाट बघू नका. काम झालं की ४००० वर क्षणभर पीटीटी दाबा, जोडलेला डायनॅमिक ग्रुप सुटतो.

एक गोष्ट कोल्हापूरवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. हा सगळा ग्रुपचा पसारा इंटरनेटवर उभा आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा पात्राबाहेर आली तेव्हा वीज आणि मोबाइल कुठं कुठं गेले ते चिखली-आंबेवाडीकडच्यांना विचारा. राउटर बंद म्हणजे ४०४ बंद. म्हणून कोडप्लगमध्ये त्याच झोनमध्ये (चॅनेलच्या गटात), ४०४ च्या लगेच पुढं, सेट ते सेट थेट बोलायला एक साधा एफएम सिम्प्लेक्स चॅनेल ठेवा, आणि पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी पन्हाळ्यावर एकानं, खाली गावात दुसऱ्यानं उभं राहून तो कुठवर पोचतो ते बघून घ्या.