बोकडाचं कातडं: घरी कमवायचं की कारागिराला द्यायचं?

कातडं कमवायचं, म्हणजे कुजणार नाही असं टिकाऊ करायचं, तर हरणाच्या कातड्याचं नाव काढू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते परवान्याशिवाय घरात ठेवणंही गुन्हा आहे. आपल्याकडं बोकडाचं मिळतं. बीडच्या उन्हात ते लवकर कुजतं, म्हणून सोलल्याबरोबर मांसाच्या बाजूनं जाडं मीठ चोळा.

केसांसकट बसायला आसन हवं असेल तर घरीच करा. चरबी बोथट सुरीनं खरवडा, तुरटी-मिठाच्या पाण्यात भिजवा आणि सावलीत अर्धवट वाळलं की बाजेच्या कडेवर ओढून ओढून मऊ करा. इथंच हात भरून येतात, इथंच लोक सोडून देतात. मग कातडं पापडासारखं कडक होतं. नंतर ते भिजू देऊ नका, तुरटी धुऊन जाते.

चपलेसाठी हवं असेल तर चुन्यात केस काढून बाभळीच्या सालीत मुरवावं लागतं. तो वास शेजारी खपवून घेणार नाहीत. कारागिरालाच द्या, मजुरी आधी ठरवून.