अमेरिकेच्या ग्रामीण मतदानावर लिहिताय? या चुका टाळा

दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की मराठीत अमेरिकी निवडणुकीच्या विश्लेषणांचा पूर येतो. त्यात ‘ग्रामीण अमेरिका’ नावाचं एकच गाव असतं: सगळे गोरे, सगळे शेतकरी, सगळे ट्रम्पवाले. असे कच्चे लेख माझ्याकडे तपासायला येतात आणि चुका त्याच त्या असतात.

टक्का कशाने भागला, ते न बघणं. ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका हुशार पण घाईतल्या मुलाने लुईझियानातल्या वेस्ट फेलिसियाना पॅरिशवर लेख पाठवला होता. (काउंटी म्हणजे राज्याचा साधारण आपल्या तालुक्यासारखा विभाग; लुईझियानात तिला पॅरिश म्हणतात.) मथळा होता, ‘लोकशाहीला कंटाळलेला तालुका’. मी विचारलं, मतदानाचा टक्का कसा काढलास? म्हणाला, पडलेली मतं भागिले अठरा वर्षांवरची लोकसंख्या, सगळे असंच करतात. वेळ नव्हता म्हणून लेख तसाच छापून आला. दुसऱ्या दिवशी बॅटन रूजमधल्या एका मराठी वाचकाची एका ओळीची प्रतिक्रिया आली, ‘साहेब, तिथे अँगोला आहे.’

अँगोला म्हणजे लुईझियानाचं राज्य कारागृह. पॅरिशची लोकसंख्या जेमतेम 15,000, त्यातले काही हजार गजाआड. जनगणना कैद्यांना तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते, पण मेन आणि व्हर्माँट सोडले तर कोणत्याही राज्यात गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्याला तुरुंगातून मत देता येत नाही. समजा प्रौढ 10,000, त्यातले 4,000 कैदी आणि मतं पडली 4,000. मतदान 40 टक्के दिसेल, पण बाहेरच्या माणसांपुरतं पाहिलं तर ते 67 टक्के आहे. कंटाळलेला तालुका एका भागाकारात उत्साही होतो.

आयोवातल्या अ‍ॅनामोसा गावात तर नगर परिषदेच्या एका वॉर्डात 1,400च्या आसपास लोक आणि त्यातले 1,300 तुरुंगात. 2005 साली तिथला उमेदवार दोन मतांवर निवडून आला, तीही मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून दिलेली. पुढे गावाने वॉर्डपद्धतच बदलली.

उलट बाजूने, नोंदणीकृत मतदारांनी भागलं तर मतदार यादी फुगलेली असते. 1993च्या संघीय कायद्यानुसार, गाव सोडून गेल्याचा नुसता संशय असेल तर नोटीस पाठवून दोन संघीय निवडणुका जाईपर्यंत नाव काढता येत नाही. माझी सवय अशी की आधी काउंटी क्लार्कचं (मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं) संकेतस्थळ उघडायचं, भाजक कागदावर लिहायचा आणि मगच टक्का काढायचा.

नोंदणी म्हणजे मत, असं धरणं. आपल्या मतदार यादीत नाव-वय असतं, पक्ष नसतो. केंटकीत असतो, आणि तिथेच आपले लोक फसतात. एलियट काउंटी 1869 साली स्थापन झाली आणि 2012पर्यंत अध्यक्षपदासाठी प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक राहिली. 2016 साली तिने ट्रम्प यांना सुमारे 70 टक्के मतं दिली, पण नोंदणीचा तक्ता डेमोक्रॅटिकच होता. बनवाबनवी वगैरे काही नाही. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), काउंटी जज-एक्झिक्युटिव्ह (प्रशासनाचा प्रमुख), अगदी जेलरसुद्धा तिथे निवडून येतो. अशा काउंटीत खरी लढत डेमोक्रॅटिक प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच व्हायची, आणि त्या पक्षात नोंद असल्याशिवाय तिथे मत देता येत नाही. पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षीच्या 31 डिसेंबरच्या आत. मग ओळखीतला शेरीफ निवडायचा हक्क कोण सोडेल? वॉशिंग्टनला कोण जातो, ते नोव्हेंबरमध्ये बघता येतं.

टेक्सास आणि विस्कॉन्सिनमध्ये नोंदणीत पक्षच नसतो. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. तरी तिथल्या ‘नोंदणीकृत रिपब्लिकन’ मतदारांचे आकडे कुणी ठणकावून दिले, तर ते कुठून आणले हे विचारा. बहुतेक वेळा कुणाचा तरी अंदाज असतो.

लाल, म्हणजे रिपब्लिकन रंगाच्या नकाशावर भुलणं. नकाशा जमीन रंगवतो, माणसं नाही. नेब्रास्कातली चेरी काउंटी कनेक्टिकट राज्याहून मोठी आहे आणि माणसं साडेपाच हजार. एवढं पुरे.

ग्रामीण म्हणजे गोरे. मिसिसिपीतली होम्स काउंटी कृष्णवर्णीय बहुसंख्य, साउथ डकोटातली ओग्लाला लकोटा काउंटी मूलनिवासींची, आणि दोन्ही पक्क्या डेमोक्रॅटिक. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळपास पूर्ण हिस्पॅनिक. शंभराहून अधिक वर्षं डेमोक्रॅटिक राहून 2024 साली ती ट्रम्प यांच्याकडे गेली.

मध्यावधीची, म्हणजे दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मधल्या संसदीय निवडणुकीची तुलना अध्यक्षीय वर्षाशी. मध्यावधीला मतदान कमीच होतं. 2022 शेजारी 2018 ठेवा, 2020 नको.

निकालाच्या रात्रीच ‘गावांचा कौल’. ही घाई मला अजिबात कळत नाही. टपाली मतं मोजायची असतात, अधिकृत निकाल काही आठवड्यांनी जाहीर होतो. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत 2020च्या जनगणनेत माणसं होती 64. तिथे एक कुटुंब गाव सोडून गेलं तरी टक्केवारी हलते, आणि लोक त्यावर ‘लाट’ लिहितात.

‘हा बालेकिल्ला आहे’ असं लिहून मोकळं होणं. आयोवातल्या हॉवर्ड काउंटीने 2012 साली ओबामांना 20 टक्क्यांहून जास्त आघाडी दिली आणि 2016 साली तेवढीच ट्रम्प यांना. देशात असं करणारी ती एकटीच. कुणी आयोवाच्या गावांबद्दल ठाम वाक्य लिहून पाठवलं, की मी आधी हे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवतो.