औष्णिक केंद्रातलं पहिलं वर्ष: आधी पाइप, मग पडदा

महाराष्ट्रात वीजनिर्मितीत नोकरी लागली म्हणजे बहुधा कोळशाच्या केंद्रात लागली. महानिर्मितीची चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी आणि नाशिकजवळचं एकलहरे, एनटीपीसीची मौदा आणि सोलापूर, खासगीत तिरोडा, जयगड, डहाणू. रुजू होण्याआधी प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो: कुठलं पोस्टिंग चांगलं? क्वार्टर, शाळा आणि घरापासूनचं अंतर सोडलं, तर विचारायचं ते एवढंच की संच, म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटरची एक जोडणी, किती मेगावॅटचा आहे.

एकलहऱ्याला २१० चे ३ संच आहेत. खापरखेड्याला ४, शिवाय ५०० चा १. जुन्या २१० वर बऱ्याच गोष्टी जागेवर जाऊन, हाताने कराव्या लागतात. व्हॉल्व्ह किती जड फिरतो, पंप सुरू होताना कसा गुरगुरतो, हे तिथे अंगवळणी पडतं. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटमध्ये २१० चे २ आणि ५०० चे ५ असे दोन्ही आहेत, म्हणून शिकायला ही जागा उत्तम. कोराडीचे ८, ९, १० क्रमांकाचे संच, तिरोड्याचे पाचही आणि सोलापूरचे दोन्ही संच ६६० चे, म्हणजे सुपरक्रिटिकल आहेत. तिथे पाणी आणि वाफ वेगळी करणारा ड्रमच नसतो. दाब २२१ बारच्या वर गेला की पाणी आणि वाफ असा भेद उरत नाही. पाणी आणि इंधन यांचं प्रमाण क्षणोक्षणी जुळवावं लागतं, ते काम यंत्रणा करते आणि नवा माणूस पडद्याकडे बघत बसतो. थेट ६६० वर गेलात तर जिज्ञासा स्वतःच जागी ठेवावी लागेल.

संच कुठलाही असो, पहिले तीन महिने कंट्रोल रूममध्ये बसू नका. एसी आहे, चहा येतो, वरिष्ठ तिथेच असतात, मोह होतो. पण पडद्यावरचा आकडा कुठल्या पाइपवरच्या कुठल्या प्रोबमधून येतो हे माहीत नसेल, तर तो खोटा कधी बोलतोय ते कळणार नाही.

लाइन ट्रेसिंग, म्हणजे पाइपांचा चालत माग काढणं, पाण्यापासून सुरू करा, कोळशापासून नाही. कोळशाचा रस्ता डोळ्यांना दिसतो, पाण्याचा शोधावा लागतो. स्कीमची, म्हणजे पाइपांच्या आराखड्याची प्रिंट घ्या, हॉटवेलपाशी, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या तळाशी, उभे राहा आणि चाला: कंडेन्सेट पंप, एलपी (कमी दाबाचा) हीटर, पाण्यातली हवा काढणारा डीएरेटर, बॉयलर फीड पंप, एचपी (उच्च दाबाचा) हीटर, धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणारा इकॉनॉमायझर, ड्रम. प्रत्येक पंपाचा सक्शन, डिस्चार्ज, रीसर्क्युलेशन आणि ड्रेन बोट लावून दाखवता आला पाहिजे. फीड पंपाची रीसर्क्युलेशन लाइन नवे लोक हमखास विसरतात. ती लाइन नसती तर कमी लोडवर पंपातलं पाणी तिथल्या तिथे घुसळून तापलं असतं, त्याची वाफ झाली असती आणि पंप जाम झाला असता. यानंतर वाफ, मग हवा आणि धूर, मग कोळसा, तेल, राख, आणि शेवटी हायड्रोजन व सील ऑइल. रोज एकच सिस्टीम. संध्याकाळी प्रिंट न बघता ती कागदावर काढा. जिथे पेन अडेल तिथे दुसऱ्या दिवशी परत जा.

आकडे पाठ करू नका, मांडून बघा. ५०० चा संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट होतात. आपल्या कोळशात युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम जळतो, म्हणजे दिवसाला सुमारे ८,४०० टन. मालगाडीचा एक रेक ४,००० टनांच्या आसपास असतो, म्हणजे रोज दोन रेक तरी खाली व्हायला हवेत. राख ३५ ते ४० टक्के धरली तर दिवसाला ३,००० टन राख. तिच्यातला साधारण ८० टक्के भाग धुराबरोबर ईएसपीकडे, म्हणजे विजेने राख पकडणाऱ्या यंत्राकडे, जातो, उरलेला भट्टीच्या तळाशी पडतो. पाणी युनिटमागे साडेतीन लिटर धरा, दिवसाला ४ कोटी २० लाख लिटर होतं. वॅगन उलटी करून कोळसा ओतणारा वॅगन टिपलर चार तास बंद पडला की अख्ख्या केंद्राचा जीव वरखाली का होतो, हे या हिशोबातून आपोआप उमगतं. परळी २०१३ साली पाण्याअभावी का बंद ठेवावं लागलं आणि कोराडी-खापरखेड्याने नागपूरचं सांडपाणी प्रक्रिया करून का घेतलं, याचंही उत्तर त्यातच आहे.

दुसरा हिशोब हीट रेटचा, म्हणजे एक युनिट बनवायला किती किलोकॅलरी उष्णता लागते त्याचा. १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. संचाचा हीट रेट २,४०० असेल तर कार्यक्षमता ८६० भागिले २,४००, म्हणजे जवळपास ३६ टक्के. उरलेल्यातला मोठा वाटा कंडेन्सरमधून कूलिंग टॉवरकडे जातो. म्हणून कंडेन्सरमधल्या व्हॅक्यूमकडे नजर ठेवा. तो पाऱ्याच्या १० मिलिमीटरने पडला तर हीट रेट ढोबळमानाने २० किलोकॅलरीने बिघडतो. व्हॅक्यूम पडायची कारणं मोजकीच आहेत: कुठून तरी हवा आत शिरतेय, कंडेन्सरच्या नळ्या घाण झाल्यात, थंड पाणी कमी येतंय किंवा पुरेसं थंड नाही, नाहीतर ग्लँड सीलिंगची, म्हणजे शाफ्टभोवतीची फट बंद ठेवणारी, वाफ कमी पडतेय. यांतलं कुठलं, हे एका आकड्यावरून ठरत नाही. पाण्याचं आत येतानाचं व बाहेर जातानाचं तापमान आणि वाफेचं तापमान एकत्र लिहा. पाणी पुरेसं थंड येतंय, पुरेसं वाहतंय, तरी वाफेचं तापमान चढंच असेल, तर संशय नळ्यांवर किंवा हवेवर.

विदर्भात गेलात तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. कूलिंग टॉवरला मे महिन्याच्या ४५ अंशांपेक्षा पावसाळ्यातला दमटपणा जड जातो. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी बऱ्यापैकी थंड होतं, फक्त मेकअप, म्हणजे उडालेलं भरून काढायचं पाणी, जास्त लागतं. हवा ओली झाली की टॉवरचे पंखे फिरत राहतात आणि पाणी काही थंड होत नाही.

पावसाळ्याचं खरं दुखणं मात्र कोळसा. ओला, चिकणमाती मिसळलेला कोळसा बंकरच्या, म्हणजे साठवणीच्या कोठीच्या, भिंतींना चिकटतो. मध्ये विहिरीसारखं भोक पडतं, तेवढाच कोळसा खाली येतो आणि मग मिलला कोळसा पुरवणारा फीडर रिकामा फिरतो. मिलच्या, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीच्या, आउटलेटचं तापमान एरवी ७५ ते ९० अंश ठेवतात, ते ६० च्या खाली घसरतं, भुकटी ओली राहते, ज्योत लपलप करायला लागते. अशा वेळी तेलाचा आधार वेळेत द्या. तेल वाचवायच्या नादात ज्योत गेली तर संच ट्रिप होतो, म्हणजे अचानक बंद पडतो, आणि वाचवलेल्याच्या कित्येक पट तेल परत पेटवायला लागतं. थंड अवस्थेतून, म्हणजे ७२ तासांहून जास्त बंद असलेला ५०० चा संच चढवायला ९० किलोलीटरच्या आसपास तेल जातं. उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं. मिल गरम चालते, रिजेक्टमध्ये, म्हणजे मिलने बाहेर टाकलेल्या मालात, धुमसतं आणि आत आग लागते. आउटलेटचं तापमान भराभर चढायला लागलं तर मिल उघडून बघायची नसते. गरम हवा बंद करायची आणि इनर्टिंगची, म्हणजे आतली हवा हटवणारी, वाफ द्यायची.

बॉयलर ट्यूब लीकेज, म्हणजेच बीटीएल. संच बंद पडायच्या कारणांत हे नेहमी वर असतं, आणि याची चाहूल बाहेरच लागते. डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचा मेकअप कारण नसताना वाढतो. फीड फ्लो आणि स्टीम फ्लो यांत फरक पडतो. भट्टीतला धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर चढतात. त्या भागातल्या खिडकीशी कान दिला तर सततची 'शूं' ऐकू येते, इकॉनॉमायझर हॉपरमध्ये राख ओली सापडते. आपल्या कोळशाच्या राखेत वाळूसारखी सिलिका भरपूर, ती नळ्या घासून पातळ करते. 'लोड हवाय, उद्या बंद करू' असं म्हणावंसं वाटतं, पण फुटलेल्या नळीतली वाफेची धार शेजारच्या नळ्या कापत जाते. आज एक नळी बदलायची असते, उद्या आठ. पहिल्या शंकेलाच लॉगबुकात वेळेसह नोंद करा आणि शिफ्ट इन्चार्जला सांगा. शंका खोटी निघाली तरी कोणी हसत नाही. हसलंच तर हसू द्या.

ट्रिपच्या पहिल्या मिनिटात काय बघायचं, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं. टर्बाइनचे सगळे स्टॉप व्हॉल्व्ह बंद झाले का, मग जनरेटरचा ब्रेकर उघडला का. हा क्रम महत्त्वाचा. वाफ चालू असताना ब्रेकर उघडला तर रोटर ३,००० फेऱ्यांच्या वर पळतो. भट्टीतलं इंधन खरोखर तुटलं का, मिल आणि तेल दोन्ही. लगेच पुढे ल्यूब ऑइलचा दाब: एसी पंप आपोआप आला का, नसेल तर डीसी पंप. वेग उतरताना रोटर उचलून धरणारं जॅकिंग ऑइल, शेवटी बॅरिंग, म्हणजे रोटर सावकाश फिरवत ठेवणं. गरम रोटर जागेवर थांबला तर स्वतःच्या वजनाने आणि वर-खालच्या तापमानातल्या फरकाने वाकतो, आणि एकदा वाकला की तास नाही, दिवस जातात. व्हॅक्यूम असेपर्यंत ग्लँड स्टीम तोडू नका. तोडली तर थंड हवा सीलमधून आत ओढली जाऊन तापलेल्या शाफ्टवर बसते. परत पेटवण्याआधी किमान ५ मिनिटांचं पर्ज, म्हणजे हवेने भट्टी धुऊन काढणं, हवा ३० टक्क्यांच्या वर. हे इंटरलॉक, म्हणजे आपोआप अडवणारं सुरक्षा-बंधन, कोणी 'बायपास' करायला सांगितलं तर लेखी मागा. भट्टीत साचलेला वायू पेटला तर भिंती फाकतात.

चढवताना घाई कशी नडते तेही समजून घ्या. ५०० च्या संचात टर्बाइन आधी ३६० फेऱ्यांवर धरून तापवतात, मग थेट ३,००० वर नेतात. मधल्या क्रिटिकल वेगांवर रेंगाळायचं नसतं, तिथे कंपनं उसळतात. शाफ्ट आणि केसिंग यांच्या तापमानातला फरक मर्यादेत येईपर्यंत थांबा, कितीही फोन आले तरी.

फोन येतात ते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून आलेल्या सूचनांमुळे. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात आणि प्रत्येक ब्लॉकला किती मेगावॅट द्यायचे ते ठरलेलं असतं. स्वस्त वीज आधी, महाग नंतर. दुपारी सौर वीज भरपूर असते, म्हणून कोळशाच्या संचाला ५५ टक्क्यांपर्यंत खाली यायला सांगतात आणि संध्याकाळी पुन्हा वर. २०२३ च्या नियमांनी पुढे ४० टक्क्यांपर्यंत उतरायची दिशा दाखवली आहे. रोजच्या या चढउताराने जाड पोलादाला थकवा येतो, नळ्यांच्या जोडांवर ताण पडतो. तीस वर्षं एका लोडवर चालवलेल्या संचाचा अनुभव इथे अर्धाच कामी येतो, त्यामुळे नव्या माणसाला यात खरी संधी आहे.

संध्याकाळची ही चढण कोयना काही मिनिटांत पेलते. १,९६० मेगावॅटच्या या प्रकल्पात टप्पा १, २ आणि ४ चं वापरलेलं पाणी कोळकेवाडीत साठतं आणि टप्पा ३ त्यावर पुन्हा वीज काढतो. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला १ जून ते ३१ मे या जलवर्षात ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, म्हणून ते जपून वापरतात. जलविद्युतमध्ये नेमणूक झाली तर काम शांत असतं. वेग राखणारा गव्हर्नर, पाणी कमी-जास्त सोडणाऱ्या गाइड व्हेन आणि बेअरिंगचं तापमान यांवर हात बसवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयटीआयवाल्यांनी शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून तंत्रज्ञ-३ च्या जाहिरातीकडे लक्ष ठेवावं. पदविका आणि पदवीवाल्यांसाठी महानिर्मितीची स्वतःची परीक्षा असते, एनटीपीसी अभियंत्यांना गेटच्या गुणांवर घेते. नागपूरच्या एनपीटीआयमधला (राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था) औष्णिक केंद्राचा वर्षभराचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम खासगी केंद्रांतही ओळखला जातो. बॉयलरच्या बाजूला राहायचं असेल तर बीओईची (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर परीक्षेची) तयारी दुसऱ्या वर्षापासूनच धरा. त्या परीक्षेत पाठांतरापेक्षा चालवलेला बॉयलर कामी येतो. सीएचपी (कोळसा हाताळणी) किंवा राखेच्या विभागात टाकलं म्हणून रडू नका. तिथली धूळ खाल्लेला माणूस पुढे डेस्कवर बसला की लोड का पडतोय ते आधी ओळखतो. एफिशियन्सी विभागाला लोक बाजूचा कोपरा समजतात, पण सहा महिने तिथे मिळाले तर घ्याच.

परमिटच्या, म्हणजे यंत्रावर काम करायच्या लेखी परवानगीच्या, बाबतीत भिडस्तपणा नको. ६.६ केव्हीचा ब्रेकर नुसता बंद असून चालत नाही. तो बाहेर ओढलेला, कुलूप लावलेला आणि तुम्ही स्वतः जाऊन पाहिलेला हवा. ईएसपीत शिरण्याआधी फील्ड, म्हणजे त्यातला विजेचा भाग, अर्थ केलेलं हवं. जनरेटर उघडताना हायड्रोजनच्या जागी आधी कार्बन डायऑक्साइड, मग हवा. हायड्रोजन हवेत ४ ते ७४ टक्के असला की पेटतो, म्हणून दोघांची थेट गाठ पडू द्यायची नाही. उच्च दाबाची वाफ डोळ्यांना दिसत नाही. आवाज येतोय आणि धूर दिसत नाही, तर हात पुढे करू नका, लांब काठीला चिंधी बांधून शोधा. तळाच्या राखेचं दार उघडताना समोर उभं राहायचं नाही. वरून क्लिंकर, म्हणजे राखेचा घट्ट गोळा, पडला की उकळतं पाणी आणि राख एकदम बाहेर येते.

पाळी बदलताना लॉगबुकात 'सर्व ठीक' लिहू नका. कुठला पंप स्टँडबायला आहे पण खरं तर चालणार नाही, कुठला अलार्म दाबून ठेवलाय, कुठलं परमिट उघडं आहे, कुठल्या बेअरिंगचं तापमान कालच्यापेक्षा ३ अंशांनी जास्त आहे, हे लिहा. आणि येणाऱ्याला ते वाचून दाखवल्याशिवाय खुर्ची सोडू नका.