कुत्र्याला घेऊन कॅराव्हॅनने कोकणात निघालात? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "कुत्रा सोबत आहे, प्राणी कुठे दिसतील?" मी आधी विचारते, तो रात्री झोपणार कुठे? "बाहेर, गाडीला बांधून" असं उत्तर आलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कोकणातला बिबट्या वाडीच्या पाठीमागेच असतो. काजूची बाग, करवंदीची जाळी, एवढा आडोसा त्याला पुरतो आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं खाणं. तीन वर्षांपूर्वी दापोली तालुक्यात एका आमराईत मुक्काम होता. शेजारच्या गाडीतल्या जोडप्याने त्यांचा कुत्रा चाकाला साखळीने बांधला. बागेच्या राखणदाराने संध्याकाळीच बजावलं होतं, "वाघ फिरतो हितं, कुत्रा भायेर ठेवू नका." बिबट्याला तिकडे वाघच म्हणतात. "एका रात्रीत काय होतंय," ते दोघं म्हणाले. अडीचच्या सुमारास आमची राणी भुंकली नाही, गुरगुरली नाही. सीटखाली शिरून थरथरत बसली. बाहेर साखळी एकदाच खणकली. सकाळी साखळीच्या टोकाला पट्टा तेवढा उरला होता, बक्कल लावलेलंच. तांबड्या धुळीत चार बोटांचे गोल ठसे, नखांची खूण नाही. त्या बाई दुपारपर्यंत पट्टा हातात घेऊन गाडीच्या पायरीवर बसून होत्या.

तेव्हापासून दिवेलागणीला राणी आत. रात्री शू-शीला न्यावंच लागलं तर बॅटरी मारून, पट्टा आखूड धरून, दारापासून चार पावलांत.

दुसरी चूक किनाऱ्यावरची. वाळू दिसली की पट्टा सोडायचा. नोव्हेंबर ते मार्च वेळास, आंजर्ले, गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. गावचे कासवमित्र पहाटे वाळू तुडवत घरटी शोधतात आणि अंडी कुंपणात नेऊन जपतात. त्यांच्याआधी मोकळा कुत्रा पोचला तर हुंगत हुंगत सगळं उकरून ठेवतो. "आमचा काही करत नाही हो" हे आता मला ऐकवत नाही. कुरवांच्या (सीगल पक्ष्यांच्या) थव्यावर कुत्रा सोडून फोटो काढणारेही तसेच. लडाख-तिबेटकडून आलेले पक्षी ते, त्यांना बसू द्या.

कातळसड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. दगडांच्या फटीत कुत्र्याला नाक घालू देऊ नका. फणसाड अभयारण्यात शेकरू बघायला जायचं असेल तर कुत्र्याजवळ कोणीतरी मागे थांबा, आत न्यायचा हट्ट नको. लसी निघण्याआधीच पूर्ण करा, कुत्र्याचे आजार कोल्ह्यांनाही होतात. गोचीड रोज संध्याकाळी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात बघा.

आणि घाई. सकाळी डॉल्फिन, दुपारी गरुड, संध्याकाळी कासव, असा बेत करणाऱ्यांना धड काहीच दिसत नाही. मी राणीला आधी तासभर चालवून दमवते, खायला घालते, मग ओहोटीच्या वेळी खाडीकाठी बसते. पोट भरलेली, दमलेली कुत्री पायाशी पडून राहते. मागच्या जानेवारीत केळशीच्या खाडीवर असंच बसलो असताना कांदळवनातून कोल्हा बाहेर आला. राणीने कान टवकारले, मी पट्ट्याला हात घातला. त्याने आमच्याकडे क्षणभर पाहिलं आणि परत चिखलात खेकडे उकरायला लागला.