चिर पाइनच्या सुयांमधले जड धातू कसे मोजावेत

पाइनच्या सुईत धातू दोन वाटांनी येतात: मुळांवाटे मातीतून, आणि सुईच्या मेणचट आवरणावर चिकटणाऱ्या धुळीतून. यंत्र दोन्हींची बेरीज सांगते. त्यामुळे हवेतले प्रदूषण मोजायचे की झाडाने शोषलेले, हे फांदी कापण्याआधीच ठरवा.

उत्तराखंड-हिमाचलात चिर पाइनच्या जुन्या सुया मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये गळतात आणि वणवेही तेव्हाच लागतात. पावसाळ्यात धूळ धुऊन जाते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत, सलग काही कोरडे दिवस गेल्यावर नमुने घ्या. एका ठिकाणी किमान 5 झाडे, जमिनीपासून सारखी उंची, फांदीची सारखी बाजू. टोकाकडच्या चालू वर्षाच्या आणि त्यामागच्या जुन्या सुया वेगळ्या पिशव्यांत ठेवा. शिसे वयाबरोबर साचत जाते, त्यामुळे सरमिसळ झाली की तुलनेला अर्थ उरत नाही. लिसा (पाइनची चिकट राळ) काढण्यासाठी खिळे-भांडी ठोकलेली आणि वणव्यात होरपळलेली झाडे टाळा. तुलनेसाठीची झाडे रस्त्यापासून दूर, पण समुद्रसपाटीपासून त्याच उंचीवर आणि त्याच प्रकारच्या खडकावरची हवीत.

कापायला सिरॅमिक पाते, हातात बिनपावडरचे नायट्राइल हातमोजे. स्टीलच्या कात्रीतून क्रोमियम-निकेल येते, तर पावडर लावलेल्या रबरी हातमोज्यांतून आणि गॅल्व्हनाइज्ड शिडीवरून जस्त.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा. दुसरा डीआयोनाइज्ड (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात 10-10 सेकंद तीनदा हलवून घ्या. जास्त वेळ भिजवलात तर पोटॅशियमसारखे आतले क्षारही झिरपू लागतात. मेणात रुतलेली धूळ पाण्याने निघत नाही. ती काढायला क्लोरोफॉर्म लागतो, तोही फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). दोन भागांमधला फरक म्हणजे सुटी धूळ.

वजन स्थिर होईपर्यंत 60-70 अंशांवर वाळवा. पारा मोजायचा असेल तर 40 अंशांवर थांबा, नाहीतर तो उडून जाईल. दळायला अ‍ॅगेट किंवा झिरकोनियाची भांडी वापरा.

आता भुकटी आम्लात विरघळवायची, याला पचन म्हणतात. प्रयोगशाळेच्या मायक्रोवेव्हच्या भांड्यात 0.5 ग्रॅम भुकटी घेऊन तीत 65 टक्क्यांचे 7 मिली नायट्रिक आम्ल आणि 30 टक्क्यांचे 1 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. झाकण न लावता अर्धा तास ठेवा. फेस बसायच्या आत बंद केले तर मायक्रोवेव्हमध्ये दाब अचानक चढतो. मग 20 मिनिटांत 200 अंशांपर्यंत नेऊन 15 मिनिटे तिथेच ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर उघडा आणि 50 मिलीपर्यंत भरा. आयसीपी-एमएसवर (अतिसूक्ष्म प्रमाणातले धातू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर) देण्याआधी आणखी पाचपट विरल करा. तळाशी पांढरे कण राहिले तर ते सिलिका आहे. तिच्यात अडकलेले अ‍ॅल्युमिनियम मोजणीत येत नाही, म्हणून सिलिका विरघळवणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल न वापरता अहवालात ‘एकूण अ‍ॅल्युमिनियम’ लिहू नका. ते आम्ल प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हाती देऊच नये.

दर 20 भांड्यांत 2 कोरी (भुकटीविना फक्त आम्ले), 2 दुबार (त्याच नमुन्याची पुन्हा मोजणी) आणि 1 प्रमाणित नमुना (धातूंचे प्रमाण आधीच माहीत असलेला) असू द्या. एनआयएसटी या अमेरिकी मापन-मानक संस्थेच्या 1575ए या पाइनच्या सुयांच्या नमुन्यात कॅडमियम 0.233, तांबे 2.8 आणि जस्त 38 मिग्रॅ/किलो आहे. शिसे फारच थोडे असते, तिथे कोऱ्या नमुन्याची स्वच्छताच निकाल ठरवते.

क्रोमियम 52 (वस्तुमान 52 वर मोजलेले क्रोमियम) अकारण जास्त दिसले तर आधी पचन अपुरे राहिले का ते पाहा. उरलेला कार्बन यंत्रातल्या आर्गॉन वायूशी जुळून त्याच वस्तुमानावर येतो. निकेल 60 वर कॅल्शियम ऑक्साइड असाच गोंधळ घालतो आणि सुयांत कॅल्शियम भरपूर असते. असे जोडरेणू गाळणारा यंत्राचा हेलियम मोड चालू ठेवा.

आकडेमोड सोपी आहे. वाचन 2.6, कोरा नमुना 0.2 मायक्रोग्रॅम/लिटर; फरक 2.4. पाचने गुणून 12, त्याला 0.05 लिटरने गुणून 0.6 मायक्रोग्रॅम, भागिले 0.5 ग्रॅम: 1.2 मिग्रॅ/किलो. थोडी भुकटी वेगळी 105 अंशांवर वाळवून ओलावा 6 टक्के निघाला तर 0.94 ने भागा, म्हणजे 1.28.

जस्त आणि तांबे ही झाडाची पोषकद्रव्येही आहेत. फक्त त्यांच्या आकड्यावरून रस्त्याला दोष देऊ नका; शिसे आणि धुतल्या-न धुतल्यातला फरक सोबत मांडा.